गच्चीवरची बदकं

६ जानेवारी

टिचके, माझ्या दरिद्री बहिणी,

तुझं पत्र मिळालं. तुला लांबून येताना पाहून किराणावाल्याने उधारीच्या भीतीने शटर ओढलं, ही हकीकत वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. मान्य, ती फेरी तू जिंकलीस. आजोळी एका गादीवर झोपताना आपण हा खेळ सुरू केला, जास्त गरीब कोण. रडायचं नाही, मागायचं नाही, नुसतं हसवायचं, आणि हरणारीने कपाळावर टिचकी खायची. तू मामाची मुलगी, घरची, तरी माझ्यासारख्या आश्रिताला दर वेळी हरवायचीस. इतक्या टिचक्या मारल्यास की तुझं नावच ते पडलं.

आता माझी बातमी ऐक. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवते आणि माझ्या स्वतःच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. दुकानदार म्हणाले, "गिऱ्हाईक बघतं, बरं दिसत नाही." मी म्हटलं, मग नवी दांडी द्या. तर म्हणाले, "काळा दोरा वापरा."

काल एक गाडीवाला आला होता. अर्धा तास घासाघीस करून त्याने काच पुसायचं फडकं फुकट मिळवलं आणि लढाई जिंकल्यासारखा बाहेर पडला. त्याच्या मागून एक हमाल आला, किंमत ऐकली, "बरं" म्हणाला आणि पैसे काढून ठेवले. श्रीमंती कशी येते ते मला आत्ता कुठे कळायला लागलंय. पण फुकटचं फडकं मागायला तोंड लागतं, ते आपल्या घराण्यात कुणाला नाही.

आणखी एक. आमचं घर विकलं गेलं, चारही मजले, आमच्यासकट. नवा मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. बगलेत फाइल मारून एक मॅनेजर येतो, भिंतींना टिचकी मारून बघतो आणि जातो. आमची इस्त्रीवाली त्याला दोनदा चहा पाजून बसली. ती जिन्याखाली राहते ना, तिने जिन्याच्या दिव्यातून वायर ओढून इस्त्री लावली आहे. इस्त्री तापली की जिना अंधारतो. मालकाच्या विजेवर अख्ख्या गल्लीच्या शर्टांच्या सुरकुत्या मोडतात आणि आम्ही भिंत चाचपत वर चढतो. मजल्यामजल्यावर धडकताना आम्ही एकमेकांना "कोण? मी!" म्हणतो, तेवढीच ओळख टिकून राहते.

टिचकी उधार ठेवते.

तुझी,
अक्का


१९ जानेवारी

अक्के, दारिद्र्याची पट्टराणी,

काळा दोरा वाचून पोट दुखेपर्यंत हसले. जिंकलीस बाई.

कागद जाड आहे म्हणून भुवया उंचावू नकोस, ह्यांच्या कामावरचा उरलेला आहे. आमचं चाललंय कसंबसं. गेल्या आठवड्यात पाहुणे आले तर बसायला खुर्च्या नाहीत, बाहेरून आणाव्या लागल्या. त्या परत न्यायला आलेला माणूस दारात ताटकळत उभा, आणि पाहुणे काही उठेनात. मुलीला पडसं झालंय. दिवसभर पाण्यात असते, ओरडून घसा बसला तरी ऐकत नाही.

तुझ्या मालकाला माझ्याकडूनही दोन शिव्या घाल. मालक मेले सगळे एकाच माळेचे मणी, त्यांना माणसं दिसत नाहीत, भिंती दिसतात.

इस्त्रीवालीचं मात्र अजून लिही. आणि बाकीचे काय करतात? प्रत्येक मजल्यावर काय काय चालतं ते सगळं सविस्तर लिही. तुझ्या पत्रांवर आमचे दिवस निघतात.

हरलेली,
टिचकी


११ फेब्रुवारी

टिचके,

आधी खेळाबाहेरचं. एवढ्याशा पोरीवर धुणं टाकतेस? पडसं होणार नाही तर काय होईल. सोबत लोकरीचे मोजे पाठवतेय. माझ्या स्वेटरच्या बाह्या उसवून विणलेत, एक किंचित मोठा झालाय. बिनबाह्यांच्या स्वेटरची सध्या फॅशन आहे असं मी दुकानात सांगितलंय. नियम मोडला म्हणून चिडू नकोस.

इथे मात्र घर फिरलंय. मॅनेजर वायरमन घेऊन आला आणि थेट जिन्याखाली गेला. इकडेतिकडे बघणं नाही, शोधणं नाही. वायर कापली, वर नोटीस दिली की एप्रिलअखेर जिन्याखालची जागा सोडा. इस्त्रीवालीने कोळशाची जुनी इस्त्री काढली आहे. बारा वर्षं ती तिथे आहे, नवरा गेल्यावर दोन्ही पोरींना तिने त्या खोपट्यात वाढवलं. ती मला म्हणते, "अक्का, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही मालकाला एक अर्ज लिहून द्या ना." मी लिहून दिलाय. तुला लिहिते त्याच पेनाने, पण विनोद न करता, त्यामुळे फार वेळ लागला.

आणि भाडं वाढलं. सगळ्यांचं वाढलं, माझं नाही. मी मॅनेजरला विचारलं, तर तो फाइलमध्ये तोंड घालून म्हणाला, "तुमचं तसंच ठेवायला सांगितलंय." आता जिन्यात उजेड आहे, पण "कोण?" असं कुणी विचारत नाही. पहिल्या मजल्यावरचे घड्याळजी माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघतात. सगळ्यांना वाटतं मी मालकाची कुणीतरी आहे. दुष्काळात तेरावा महिना!

जाऊ दे. फेरी माझीच आहे, कारण घड्याळजींनी वाढीव भाड्यावर तोड काढली आहे. गच्चीवर त्यांनी बदकं पाळली आहेत. अकरा. नऊ पांढरी, दोन करडी. अंडी विकून भाडं भागवणार म्हणे. पहाटे ती कोरसमध्ये ओरडतात, आणि घड्याळजींनी त्यांना बरोबर सहाला ओरडायची सवय लावली आहे. मालकाला कळलं तर बदकांनाही भाडं लावील.

घे, मोड याला.

अक्का


२६ फेब्रुवारी

अक्के गं,

बदकं! सहाला ओरडणारी! सगळे इतके हसले की विचारू नकोस. सगळे म्हणजे मी आणि हे. ह्यांनी तर परत एकदा वाचायला लावलं. मी हरले, कायमची हरले.

मोजे मिळाले. पोरगी घरभर घालून नाचली.

भाडं वाढलं नाही तर तू कशाला चौकशा करतेस? मिळालं ते तोंड मिटून घ्यावं. शेजारी काय, दोन दिवस तोंड फिरवतील, तिसऱ्या दिवशी साखर मागायला येतील. आणि इस्त्रीवालीसाठी इतकं मनाला लावून घेऊ नकोस. अशा बायकांना कुठेही जागा मिळते, शेवटी ती फुकटातच राहत होती ना.

पुढच्या पत्रात बदकांचं अजून येऊ दे.

टिचकी


१४ मार्च

टिचके,

परवा रविवारी मॅनेजर आला. बरोबर दोन माणसं आणि एक पिंजरा. घड्याळजींच्या दाराला त्याने नोटीस चिकटवली आणि तडक गच्चीवर गेला. आम्ही सगळे मागोमाग. टाकीच्या मागे बघितलं, झाकण उघडून आत बघितलं, वाळत घातलेल्या चादरी उचलून बघितल्या.

घड्याळजी म्हणाले, "अहो, काय हरवलंय तुमचं?"

"बदकं कुठे आहेत?"

"कसली बदकं?"

"नाटकं करू नका. अकरा आहेत. नऊ पांढरी, दोन करडी."

घड्याळजींना बिचाऱ्यांना काही सुधरेना. ते म्हणाले, "माझ्याकडे कोंबडा आहे, पण तो भिंतीवरच्या घड्याळात." सगळे हसले. इस्त्रीवालीसुद्धा हसली, महिन्याभरानंतर पहिल्यांदा. मॅनेजर लाल झाला. "मला वरून पक्की माहिती आहे," म्हणाला. इस्त्रीवाली म्हणाली, "आणखी वर कुठे? ही गच्चीच आहे."

मी हसले नाही. मी टाकीला टेकून उभी राहिले.

बदकं नाहीत, टिचके. कधीच नव्हती. दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नव्हतं, तुझ्या किराणावाल्यावर मात करायची होती, म्हणून मी रात्री अंथरुणात बसून ती मनातून काढली. रंगसुद्धा तिथेच दिले. जगात ती फक्त दोन ठिकाणी होती, माझ्या डोक्यात आणि तुला लिहिलेल्या पत्रात.

नोटीस खरी आहे. "गच्चीवर पाळलेली बदके तीन दिवसांत हलवावीत." खाली मालकाची सही नाही, नुसता शिक्का.

मग मी मागचं सगळं उलगडत बसले. जिन्याखालची वायर मॅनेजरला न शोधता कशी सापडली? माझं भाडं कुणी तसंच ठेवायला सांगितलं? नव्या मालकाने मला कधी पाहिलं नाही, तरी त्याला माझी एवढी दया का? मी एकेक विचारत गेले आणि दर वेळी उत्तर तूच येत गेलीस. मला ते नको होतं. म्हटलं, चुकत असेन. देव करो आणि मी चुकत असो.

सरळ विचारते. हे घर तुझं आहे का?

असेल तर बाकीचं नंतर बघू. आधी इस्त्रीवालीला जिन्याखाली राहू दे. तिच्याबद्दल जे गेलं ते माझ्या हातून गेलं. एवढं एक कर. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज नियम मोडून मागते.

अक्का


२ एप्रिल

अक्का,

हो.

पैसा येऊन चार वर्षं झाली. ह्यांचं नळांचं काम वाढत गेलं, मग ठेके, मग घरं घेणं-विकणं. तुझं घर विकायला निघालंय कळल्यावर मीच हट्ट धरला की हेच घ्या आणि माझ्या नावावर घ्या. का, तर तुला उद्या कुणी रस्त्यावर काढू नये. तू मला काहीही म्हण, पण तुझं भाडं तसंच राहावं ही माझी एकच अट होती.

मी खोटं काही लिहिलं नाही, तूच बघ. खुर्च्या खरंच बाहेरून आणाव्या लागतात, पन्नास पाहुणे असतात. पोरगी खरंच पाण्यात असते, मागे पोहायचा तलाव बांधलाय. किराणावाल्याचं मात्र घडलं नव्हतं, ते तू बदकांच्या खात्यात मांड. तुला सांगायला कितीदा पेन उचललं. पण पैसा आल्यापासून मला जी पत्रं येतात ती सगळी तब्येतीच्या चौकशीने सुरू होतात आणि मदतीच्या विनंतीवर संपतात. सख्खा भाऊसुद्धा तसंच लिहितो. तुझं एकटीचं पत्र असं यायचं की ज्यात मी जुनी टिचकी होते. ते बंद पडलं असतं. मी भ्यायले, अक्के.

आता जे सांगायला लाज वाटते ते. तुझी पत्रं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचते. ह्यांचे भागीदार, त्यांच्या बायका, सगळे वाट बघतात, "अक्काचं पत्र आलं का?" तुला सगळे ओळखतात. मला तुझा अभिमान वाटायचा. हे त्यातलं काय लक्षात ठेवतात ते मला कुठे ठाऊक होतं? वायर कापल्यावर कळलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आणि पुढचं पत्रही वाचून दाखवलं, कारण सगळे विचारत होते.

इस्त्रीवालीचं जमणार नाही. जिन्याखालची जागा आणि शेजारचा गाळा मिळून औषधांचं दुकान येतंय, करार झालाय, हे ऐकायला तयार नाहीत. व्यवहारात मला कुणी विचारत नाही, नाव तेवढं माझं. तिच्या हातावर काहीतरी ठेवायला सांगते.

पण तुझी खोली मी तुझ्या नावावर करून देते. भाडं नाही, काही नाही, जन्मभर. हो म्हण.

टिचकी


३ मे

टिचके,

उत्तराला उशीर झाला. आधी घरातल्यांना सांगायचं होतं.

संध्याकाळी सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि सांगितलं, मालकीण माझी मामेबहीण आहे, आणि तुमच्या खबरा तिला मी पुरवल्या. घड्याळजींनी ऐकून घेतलं, घरात गेले आणि दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं.

इस्त्रीवाली कुणाचा तरी शर्ट घडी करत होती. म्हणाली, "माझ्याबद्दल काय लिहिलं होतंत? सांगा ना." मी टाळायला बघितलं. ती म्हणाली, "नाही, सांगा." मग मी सांगितलं, इस्त्री तापली की जिना अंधारतो, मालकाच्या विजेवर गल्लीच्या सुरकुत्या मोडतात, सगळं जसंच्या तसं. लिहिताना जिथे थांबून हसले होते तिथे आता जीभ अडखळत होती. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मग, हसले का ते?"

मी म्हटलं, "हसले."

"बरं," म्हणाली आणि शर्ट ढिगावर ठेवला.

महिनाअखेर ती गेली. तुमच्या मॅनेजरने तिच्या हातावर पाकीट ठेवलं, ते तिने मोजून घेतलं, गरिबाला रागावून पाकीट परत करता येत नाही. गावाच्या पार त्या टोकाला नणंदेच्या ओसरीवर टेबल टाकलंय. इथलं गिऱ्हाईक तिथवर कोण जाणार? जायच्या आधी माझे कपडे देऊन गेली. इतकी वर्षं ती माझ्याकडून पैसे घ्यायची नाही, त्या दिवशी घेतले.

आता तुझं. तू श्रीमंत झालीस याचा मला राग नाही. सांगितलं असतंस तर मी पेढ्यांसाठी तुलाच पैसे मागितले असते आणि वर टिचकी मारली असती. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, तेही एक वेळ गिळलं असतं. पण तू मला तुझ्या टेबलावर वाढलंस. गरिबी माझी, शेजारी माझे, विनोद माझा, आणि ढेकर तुझ्या पाहुण्यांचा. आपण हसायचो ते दोघी एकाच गादीवर होतो म्हणून. तू गादीवरून कधीच उठून गेली होतीस आणि मी अंधारात तुला कोपर मारून हसवत होते. केसाने गळा कापलास गं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आजी म्हणायची. गरिबीचं मात्र फार छान आणता येतं, पैसे असले की. मला एकदाही शंका आली नाही. स्वेटरच्या बाह्या उसवताना तर मुळीच नाही.

खोली नको. तुझ्या घरातून आजच निघून जावंसं वाटतं, पण चार ठिकाणी चौकशी केली. रागाने घर सोडायलाही अनामत भरावी लागते, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, शिवाय हातगाडीवाला. बाणेदारपणा माझ्या पगारात बसत नाही. म्हणून इथेच राहीन. फक्त इतरांना जेवढं वाढवलंत तेवढंच मलाही लावा, फेब्रुवारीपासूनचं. मॅनेजरने ते फाइलमध्ये लिहून घेतलंय. दुकानातून सुटल्यावर दोन तास दुसरीकडे हिशेबाचं काम धरलंय, त्यात भागेल.

अक्का


२४ मे

अक्के,

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. टेबलावर विचारत होते, मी म्हटलं आलं नाही.

ह्यांच्याशी भांडले, चार दिवस बोलले नाही. पण त्याने इस्त्रीवाली परत येत नाही, हे मला कळतं. तू म्हणशील ते कबूल. शिव्या घाल, जन्माचं वैर धर, पण लिहीत राहा. एवढ्या मोठ्या घरात मला एकही माणूस असा नाही की ज्याच्यापाशी मी काही हरू शकेन. काहीही लिही. घरात काय चाललंय, जिन्यात कोण भेटलं, खोलीत काय मोडलं, दोन ओळी तरी. मी वाट बघतेय.

तुझीच,
टिचकी


५ जून

मा. घरमालकीण यांस,

विषय : खिडकीची तडकलेली काच.

महोदया,

आपल्या २४ मेच्या पत्रात खोलीत काय मोडले आहे याची विचारणा केली आहे. त्यास अनुसरून कळविण्यात येते की, तिसऱ्या मजल्यावरील खोलीच्या रस्त्याकडील खिडकीची काच तडकली आहे. पावसापूर्वी ती बदलून मिळावी.

जून महिन्याचे भाडे वाढीव रकमेसह व्यवस्थापकांकडे जमा केले असून त्याची पावती मिळाली आहे. इमारतीत अन्य काही कळविण्यासारखे नाही.

आपली विश्वासू,
भाडेकरू, तिसरा मजला